थोडं पाणी आत येणारच

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणानं बी.कॉम. आहे. या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे मजकुरात तत्त्वज्ञान आलं, तर वाचकांना त्यातून योग्य ती वजावट करून घेता येईल.

एखादी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आहे. तो मला कुणा ऋषीच्या पायाशी बसून पडलेला नाही. आमच्या फियाटच्या दरवाज्याशी उकिडवं बसून, त्याच्या रबराकडे बघताना पडला.

फियाट बाबांची. १९७३ सालची. शेठ वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडत होती, आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. म्हणजे आमची गाडी बारशाच्या आधीची. अर्थात बारसं झाल्यावरही लोक तिला फियाटच म्हणत राहिले. कागदावर सासरचं नाव आणि तोंडात माहेरचं, असा हा प्रकार.

बाबा ए.जी. ऑफिसात होते. १९८४ साली त्यांनी ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि दादा बारा वर्षांचा. ऑडिटच्या खात्यातला माणूस गाडीवर जेवढं प्रेम करू शकतो, त्याहून जास्त प्रेम बाबांनी तिच्यावर केलं. दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी ते गाडीला आंघोळ घालत. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं दरवाज्यांची रबरं पुसत. रबरं शाळेतल्या फळ्यासारखी काळीभोर चमकायची. आईचं म्हणणं असं की इतक्या निगुतीनं त्यांनी आम्हा दोघांचे कान कधी पुसले नाहीत.

फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं रबर सदोष होतं. वरच्या कोपऱ्यात ते तुटलेलं होतं आणि तिथे सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा चिकटवलेला होता. पावसाळ्यात त्या तुकड्याच्या कडेनं पाणी झिरपायचं आणि थेंब बरोबर बाबांच्या उजव्या गुडघ्यावर पडायचा. बाबा गुडघ्यावर पंचा टाकून गाडी चालवायचे. घाट रोडच्या दुकानांत त्या काळात फियाटचं रबर सहज मिळत असे. पण बाबांनी ते बदललं नाही. ‘चाललंय ना!’ म्हणायचे. हा कंजूषपणा आहे, असं आम्ही समजत होतो. ए.जी. ऑफिसातल्या माणसाविषयी असं समजायला फारसा पुरावा लागत नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात बाबा गेले. तेराव्या दिवशी दादा पुण्याला परत निघाला तेव्हा फाटकाशी उभा राहून म्हणाला, ‘विकून टाक ते डबडं. जागा तरी मोकळी होईल.’ मी म्हणालो, ‘तुला काय त्याचं? तुला बाबांचं राहिलंय काय आता? तू तर पुण्याचा झालास.’

दादा काही बोलला नाही. रिक्षात बसला. मीही नंतर ते वाक्य परत घेतलं नाही. बँकेत चुकीची नोंद त्याच दिवशी उलटी फिरवता येते. दुसऱ्या दिवशी साहेबांची सही लागते. आणि वर्ष उलटलं की ती नोंद खरी वाटायला लागते. आमच्या बोलण्यात मग तीनच खाती चालू राहिली: आईचं ब्लडप्रेशर, दिवाळीच्या शुभेच्छा आणि पुण्या-नागपूरचं हवामान. तिन्हींत उलाढाल बेताची.

गाडी मी जपली. जपली म्हणजे काय केलं, तर तिच्यावर ताडपत्री घातली आणि तिच्यात काहीही बदलू दिलं नाही. सीटवरचा प्लास्टिकचा कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती, कप्प्यातली बाबांची पेट्रोलची वही, सगळं जसंच्या तसं. महिन्यातून एकदा दार उघडून आत बसायचं, तो जुना वास घ्यायचा आणि दार हळूच लावायचं. २०१३ च्या मे महिन्याच्या २३ तारखेला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा मी घरात कूलरसमोर बसून ताडपत्रीखालच्या गाडीची काळजी करत होतो. काळजी करणं हे जपण्याच्या प्रकारांतलं सर्वांत स्वस्त काम आहे. त्याला जी.एस.टी. लागत नाही.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. नागपूरकरांना ती सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि एरवी जिला नदी म्हणताना आपल्यालाच संकोच वाटतो ती नाग नदी घराघरांत शिरली. आमचं घर त्या उतारावरच. पाणी आलं तसं सकाळपर्यंत ओसरलंही. घरातला चिखल आम्ही दोन दिवसांत काढला. तिसऱ्या दिवशी मला गाडी आठवली. ताडपत्री बाजूला केली, दार उघडलं, आणि सीटखालून एक बेडूक बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर भाडेकरूचा आत्मविश्वास होता.

सौ. म्हणाली, ‘अहो, आता तरी कुणाला तरी दाखवा.’

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री सत्तरीचे. आयुष्यभर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर यांवरच हात चाललेला. दरवाज्याचं रबर त्यांनी दोन बोटांत धरलं आणि वाकवलं. ते पापडासारखं मोडलं. तुकडा माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, ‘साहेब, याच्यात रबर नाही राह्यलं आता. हे बदला लागते. चारी दरवाजे, डिकी, समोरची काच, मागची काच, तिकोन्या काचा, सगळ्याचंच.’

‘पण हे ओरिजिनल आहे,’ मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना चहा ओरिजिनल कपात द्या म्हणालो आणि कपाला बूड नाही. ‘ओरिजिनल हाये न,’ ते म्हणाले, ‘पन बेडूकही ओरिजिनलच बसला होता आत.’

माझ्यापुढचा प्रश्न मिस्त्री समजतात तेवढा सोपा नव्हता. या रबरांवरून बाबांचा हात फिरलेला. ती सगळी काढून फेकली, तर जे उरेल त्याला बाबांची गाडी का म्हणायचं? मी तो प्रश्न बँकेत जेवणाच्या सुट्टीत काढला. बँकेत जेवणाच्या सुट्टीत प्रश्न काढावा, सोडवणारे दहा भेटतात; काउंटरवर काढला तर एकही नाही.

आमचे एक सहकारी वाचणारे आहेत. ते म्हणाले, हा प्रश्न ग्रीकांना कधीच पडून गेलेला आहे. प्लुटार्कनं लिहिलंय, की थीसियस ज्या तीस वल्ह्यांच्या गलबतातून परतला ते अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. फळी कुजली की ती काढायची आणि नवी बसवायची. मग तत्त्ववेत्ते भांडू लागले, की गलबत तेच की दुसरं? पुढे सतराव्या शतकात हॉब्स नावाच्या इंग्रजानं त्यात आणखी काडी टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं गलबत बांधलं, तर खरं कोणतं? (हे मी घरी सांगितलं तेव्हा सौ. घाबरून म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही ती तुटकी रबरं जमवून दुसरी गाडी बांधणार आहात का?’)

दुसरे एक सहकारी दीक्षाभूमीच्या जवळ राहतात. ते डबा बंद करत म्हणाले, ‘ग्रीस कशाला पाहिजे? खुद्द ग्रीक राजालाच आपल्या भिक्खूनं हे समजावून दिलंय.’ आणि त्यांनी ‘मिलिंदप्रश्ना’तली गोष्ट सांगितली. मिलिंद राजा नागसेनाकडे आला. नागसेनानं विचारलं, महाराज, पायी आलात की रथानं? राजा म्हणाला, रथानं. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ दाखवा. राजाला दाखवता येईना. भाग एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच. तो एक वापरातला शब्द आहे. ‘तसंच तुमचं,’ सहकारी म्हणाले, ‘“बाबांची गाडी” हा शब्द आहे. तो कोणत्या रबरात सापडणार?’

ऐकून मन शांत व्हायला हवं होतं. पण नागसेनाला पितृप्रेमाचा प्रश्न नव्हता आणि मिलिंदाच्या रथाला बीडिंग नव्हती.

शेवटी मदतीला आलं ते माझं बी.कॉम. रात्री झोप येईना म्हणून पडल्या पडल्या हिशेब करत होतो, आणि एकदम आठवलं: महसुली खर्च आणि भांडवली खर्च! पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच येतं. मालमत्ता आहे तशी चालू ठेवण्यासाठी जो खर्च होतो तो महसुली. त्यानं मालमत्ता नवी होत नाही; वहीत तिची खरेदीची तारीख तीच राहते. छपराची कौलं बदलली म्हणून कुणी घर नव्यानं खरेदीखाती दाखवत नाही. ग्रीकांना जे सुटलं नाही, ते आमच्या महाविद्यालयात पाच गुणांना विचारत! गलबताच्या फळ्या, रथाचं जू आणि फियाटचं रबर, सगळं ‘दुरुस्ती व देखभाल’ या खात्यात. थीसियसला एखादा बरा हिशेबनीस मिळाला असता तर तत्त्वज्ञांचे एवढे मनुष्यतास वाया गेले नसते.

आनंदाची गोष्ट म्हणजे भारत सरकारही माझ्याच पक्षाचं निघालं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांचा नियम केला: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झाली असतील, तर ते ‘व्हिंटेज’. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. (आमची तशीही येत नव्हती.) अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. रबराचा उल्लेख त्यात नाही. बदलायचं काय आणि नाही काय, याची रेघ सरकारनं ओढलेली आहे, आणि रबर त्या रेघेच्या अलीकडे पडतं.

मग रबराचा शोध सुरू झाला. बदलायला मन तयार झालं, की वस्तू मिळत नाही, हा निसर्गनियम आहे. घाट रोडच्या दुकानदारानं ‘फियाट’ शब्द ऐकून माझ्याकडे गुडघेदुखीच्या रुग्णाकडे बघावं तसं बघितलं. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची मर्यादा संपली. पेपरात तिचा फोटो बघून मिस्त्री म्हणाले, ‘आता माल नाही येनार.’ टॅक्स्या होत्या तोवर त्यांच्या पुण्याईवर आमची रबरं निघत होती, हे मला तेव्हा कळलं. शेवटी काही मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारातून आलं, काही दिल्लीच्या काश्मिरी गेटहून, आणि डिकीचं रबर गजावर मिळणाऱ्या पट्टीतून कापून जोडलं.

या काळात मी रबरावर इतकं वाचलं, की बँकेत माझ्याशी बोलायला लोक कचरू लागले. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. गंधक घालून तापवलं तर ते टिकतं, हे चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाला १८३९ साली सापडलं. त्यानं सगळं आयुष्य आणि लोकांचा सगळा पैसा रबरात घातला, आणि १८६० साली मेला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. जगातली तमाम दारं-खिडक्या ज्यानं सांधली, त्याचं खातं बुडीत! त्याच्या नावाची टायर कंपनी पुढे १८९८ साली निघाली, ती दुसऱ्याच माणसांनी काढली.

रबर मरतं कसं, हेही वाचलं. ऊन त्याला मारतंच. पण हवेतला थोडासा ओझोनही मारतो, आणि तो नेमका ताणलेल्या जागी चिरा पाडतो. सैल पडलेल्या रबराला तो फारसं काही करत नाही. म्हणून दरवाज्याचं रबर आधी कोपऱ्यात तडकतं. आता मिळणाऱ्या ईपीडीएम नावाच्या रबराला ऊन आणि ओझोन बाधत नाहीत. आणि त्याच्यासकट जुन्या रबराचाही एक समान शत्रू आहे: खनिज तेल. पेट्रोल, रॉकेल, ग्रीस आणि डिझेल. डिझेलनं रबर फुगतं, पोकळ होतं आणि मग वाळून चिरतं. वरवर मात्र छान चमकतं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. अठ्ठावीस वर्षांचे रविवार डोळ्यांपुढे आले.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. मिस्त्रींनी दरवाज्याच्या आतलं पॅनेल काढलं. खालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. ‘पान्यानं सडला,’ मी म्हणालो. ‘पान्यानं नाही,’ मिस्त्री म्हणाले, ‘पानी जाऊ नाही देल्लं म्हून.’ आणि त्यांनी मला वाकायला लावून दरवाज्याची खालची कड दाखवली. तिथे मुळात बारीक भोकं असतात. काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी दरवाज्याच्या पोटात शिरतंच. कितीही चांगलं रबर लावा, थोडं शिरतं. गाडी बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी वर रबर दिलं आणि खाली भोक ठेवलं. आमच्या गाडीची ती सगळी भोकं एम-सील लावून बुजवलेली होती. वर नीट रंगही दिलेला. बाबांचं काम, धूळ आणि झुरळं येऊ नयेत म्हणून.

मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरनं ते एम-सील उकरत सांगू लागले, ‘रबराचं काम पानी थांबोनं. पन सगळं थोडीच थांबते? थोडं पानी आत येनारच. त्याले जायाले जागा पायजे. जागा बुजवली की ते बसते आत. बाहेरून काही दिसत नाही. रंग चमकते.’

मला एकदम उकाडा वाटू लागला. जपण्याची माझी सगळी पद्धत त्या दरवाज्यात उघडी पडली होती. काहीही बदलायचं नाही, वरून ताडपत्री, आणि आत शिरलेलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. गाडीच्या बाबतीत अकरा वर्षं मी हेच केलं होतं. दादाच्या बाबतीतही. वरून दिवाळीच्या शुभेच्छा चमकत होत्या.

जानेवारीत आईला ऐंशी पूर्ण झाली म्हणून दादा-वहिनी आले. गाडी तेव्हा रंगून अंगणात उभी होती. दरवाज्यांची रबरं बसली होती. समोरची काच राहिली होती. त्या दिवशी मिस्त्रींचा पोऱ्या आला नाही. आणि समोरची काच बसवणं एकट्याचं काम नाही. रबर काचेला चारी बाजूंनी चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळीसारखी दोरी फिरवायची, तिची दोन टोकं गाडीच्या आत सोडायची. मग बाहेरच्यानं काच तळहातानं दाबायची आणि आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आतल्यानं घाई केली तर रबर फाटतं आणि बाहेरच्यानं जोर केला तर काच जाते. मिस्त्रींचे हात हल्ली कापतात. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ‘एक आत बसा, एक बाहेर राहा,’ म्हणाले.

दादा बाहेर राहिला. मी आत. साबणाचं पाणी लावलेल्या काचेतून तो मला धूसर दिसत होता. ‘ओढ,’ तो म्हणे. ‘थांब. आता ओढ.’ अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. वरच्या कोपऱ्याशी काच अडली, तेव्हा मी म्हणालो, ‘दादा, जरा इकडे दाब रे.’ तो दाबून म्हणाला, ‘दाबतोय रे, ओरडू नको.’ आणि काच ‘टक्क’ करून बसली.

मग चहा झाला. मी त्याला काढलेली रबरं दाखवली. म्हणालो, ‘बाकी सगळं टाकायचं ठरवलंय. हा एक तुकडा मात्र ठेवलाय. बाबांनी स्वतः चिकटवलेला.’ आणि बँकेच्या ड्रॉवरमधून, शिक्क्यांच्या शेजारून खास घरी आणलेला तो सायकल-ट्यूबचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

दादानं तो उलटसुलट करून पाहिला आणि हसायला लागला. ‘अरे, हे बाबांचं नाही. माझं आहे. माझ्या सायकलची ट्यूब ही. आठवीत असताना बॅट घेऊन उतरलो आणि दार घाईनं लावलं. बॅट मध्येच. रबर तुटलं. बाबा मारतील म्हणून रात्री गुपचूप चिकटवलं सोल्यूशननं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.’

मी गप्प. अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी दादाशी भांडत होतो, ते दादाच्याच हातचं निघालं होतं.

आई पलंगावरून म्हणाली, ‘कळलं नाही काय! दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, बदलून घ्या, गुडघा भिजतो. तर म्हणाले, असू दे, पोरानं स्वतः लावलंय. तू पुण्याला गेलास त्या वर्षी पुन्हा म्हटलं. तेव्हा तर ऐकूनच घेतलं नाही.’

दादानं चष्मा काढून पुसला. डिझेलनं नाही, धोतराच्या जुन्या फडक्यानं. पण बाबा पुसायचे तसाच, गोल गोल. मग म्हणाला, ‘तेव्हा फाटकाशी तू...’ मी म्हणालो, ‘हो. चुकलं माझं.’ तो म्हणाला, ‘डबडं म्हणायला नको होतं मीही.’ एवढंच झालं. दोन भोकं मोकळी व्हायला यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. बुजवायला मात्र माणूस किती नीट रंग देत बसतो!

आता माझ्या हिशेबाचा एक घोटाळा सांगतो. रबर बदलणं हा महसुली खर्च, हे माझं म्हणणं कायम आहे. जे झिजायलाच केलेलं आहे ते झिजू द्यावं आणि वेळेवर बदलावं. ते मरतं म्हणूनच पत्रा जगतो. जुनं रबर जपणारा माणूस गाडी जपत नसतो. बाबांचंही इथे चुकलंच, आणि त्याची किंमत पत्र्यानं दिली. पण पंचवीसएक पावसाळे एक माणूस गुडघ्यावर पंचा टाकून गाडी चालवतो, मुलानं लावलेला तुकडा निघू नये म्हणून. हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, ते बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवलं नाही. मी ती नोंद उचंत खात्यात ठेवली आहे. काही रकमा तिथेच बऱ्या दिसतात.

शेवटची परीक्षा दरवाज्यांची होती. रबर पत्र्याला सगळीकडे टेकतं की नाही, ते बघायला मिस्त्रींची पद्धत अशी: दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा, जिथे तो सहज सुटतो तिथे पाणी येणार. कागद म्हणून मी खिशातली दहाची नोट काढली. बँकेतल्या माणसाला नोट कुठे अडते आणि कुठे सुटते याची उपजत जाण असते. तीन दारांना नोट घट्ट बसली. ड्रायव्हरच्या दाराला, वरच्या कोपऱ्यात, अलगद सुटली.

‘बिजागरी थोडीशी उतरली आहे,’ मिस्त्री म्हणाले. ‘करून देऊ का बरोबर?’

मी दादाकडे पाहिलं. दादानं मिस्त्रींना विचारलं, ‘खालची भोकं मोकळी आहेत ना?’

‘एकदम मोकळी.’

‘मग राहू द्या.’

तो तुकडा दादा पुण्याला घेऊन गेला. त्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा त्याचा फोन आला. आईचं ब्लडप्रेशर त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, ‘काय रे, गळतेय का?’

मी गाडीतच बसलो होतो. उजव्या गुडघ्यावर पंचा होता. म्हणालो, ‘गळतेय.’